वहिनीचा उजवा खांदा

मी जन्माची भित्री. पालीला भ्यायचे, संध्याकाळी मिठागरांकडून येणाऱ्या कोल्हेकुईला भ्यायचे, अप्पांच्या नुसत्या खाकरण्याला भ्यायचे. आत्याला तर सगळं घरच भ्यायचं, त्यामुळे त्यात माझं असं वेगळं काही नव्हतं. पण दादाचं लग्न झालं त्या वर्षी मला जी भीती चिकटली ती निराळी होती. ती एका आवाजाची भीती होती. जून शेवग्याची शेंग मोडताना होतो ना, तसा आवाज. ओला, आखूड, आतल्या आत. नंतर मी आयुष्यभर शाळेत शरीरशास्त्र शिकवलं, कपाटातला हाडांचा सापळा मुलींच्या पुढ्यात नाचवला, सांध्यांची नावं घोकून घेतली, पण तो आवाज आठवला की अजूनही माझ्या पायातलं बळ जातं. आता त्या पायांचे गुडघेही माझे स्वतःचे राहिले नाहीत म्हणा. दोन्ही बदलून घेतलेत. पोरसवदा डॉक्टरने मला गुडघा समजावून द्यायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "बाळा, गुडघा बिजागरीचा असतो हे मी तुझ्या आईच्या वयाच्या मुलींना शिकवलंय. तू फक्त नीट बसव."

मुलुंडला आमचं घर म्हणजे एका गुजराती शेठच्या बैठ्या घराची मागची बाजू. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परस, परसात कपडे धुवायचा दगड आणि विहीर. सकाळी शेठकडची घंटा, मग आमचा स्टोव्ह, मग अप्पांची आणि दादाची कचेरीला निघायची धांदल, आणि ते दोघे गेले की दिवसभर नुसती बायकांची कुजबुज. वहिनी या घरात आली ती वैशाखात, चिपळूणकडच्या एका खेड्यातून. बरोबर पेटीत चार साड्या आणि एक मोठी पिशवी कुळथाचं पीठ. तिनं पहिल्याच आठवड्यात पिठलं केलं, वरून लसणीची फोडणी, आणि अप्पा, जे जेवताना कधी बोलत नसत, ते "अजून आहे का गं?" म्हणाले. आईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक होत नसे.

ही सून आणली आत्याने. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, राहायची घाटकोपरला, पण हुकूम चालायचा मुलुंडला. मुलगी बघायला तीच गेली होती. मुलीला चालायला लावलंन, सुईत दोरा ओवायला लावलंन, मोठ्याने वाचायला लावलंन, आणि परत येऊन उंबऱ्यातूनच आईला सांगितलंन, "काही बघू नकोस. मी पारखून घेतलीय. नखात दोष नाही." लग्नाच्या दिवशी तिनं नवरीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा, दहाच्या दहा. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. तेव्हा मला सांध्याच्या आवाजाची भीती वाटत नव्हती.

त्या सुमारास आमच्या गल्लीत एक गोष्ट घडली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समोरच्या घरातल्या सुनेला फिट येते हे लग्नानंतर उघडकीला आलं. माहेरच्यांनी लपवलं होतं. एका दुपारी टांगा येऊन उभा राहिला, तिची पेटी वर चढली, मग ती चढली. हातात हिरवा चुडा तसाच. तिच्या सासऱ्याने टांगेवाल्याला "स्टेशन" एवढंच सांगितलं. मी आमच्या कठड्याला धरून बघत होते. आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. म्हणाली, "बरं केलंनी. खोटं नाणं कळल्यावर कोण पदरात ठेवील?" वहिनी तेव्हा आत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. घरात मी आणि वहिनी. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, वहिनी पाटावर उभी राहिली आणि उजवा हात वर करून मागे सरकलेली बरणी ओढायला गेली. तेव्हा तो आवाज झाला. बरणी पडली नाही, ती फळीवरच राहिली. वहिनीच मटकन खाली बसली. ओरडली नाही. तोंड पांढरं फटक, ओठ दाताखाली. मी धावले आणि तिच्या खांद्याकडे बघून जागच्या जागी थिजले. माणसाचा खांदा गोल असतो हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. तिचा उजवा खांदा चौकोनी झाला होता. वरचं हाड टोकासारखं पुढे आलेलं, त्याच्याखाली खळगा, आणि काखेच्या पुढच्या अंगाला पोलक्याखाली काहीतरी टेंगळासारखं फुगलेलं. मला वाटलं, हात तुटला. आता तो गळून पडणार.

"दार लावा, वन्सं," ती म्हणाली. मी बारा वर्षांची, पण नात्याने नणंद, म्हणून ती मला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मी दार लावलं. तिनं डाव्या हाताने उजवा हात उचलला, उजवा गुडघा उभा केला, दोन्ही हातांची बोटं गुडघ्यापुढे एकमेकांत गुंफली, मान मागे टाकली आणि हळूहळू मागे रेलत गेली. कपाळावरून घाम ओघळत होता. मी भिंतीला चिकटून रामरक्षा म्हणायला लागले आणि दुसऱ्या ओळीलाच विसरले. मग परत आवाज झाला, पण खालच्या सुरातला, आणि तिचा खांदा पुन्हा गोल झाला. वहिनी रडायला लागली. मीही.

मग तिनं सांगितलं. माहेरी विहिरीवर पाणी काढताना भरली घागर हिसका देऊन खाली गेली, आणि हिनं दोरी सोडली नाही. घागर राहिली, खांदा गेला. बसवून घेतला, पण तेव्हापासून मधूनच निखळतो. एकदा दुखतंय म्हणून गुडघ्याला मिठी मारून मागे रेलली तर आपोआप बसला, तेव्हापासून हा उपाय. तिच्या आईनं सांगितलं होतं, मेलीस तरी सासरी बोलू नकोस. "नलू," ती म्हणाली, पहिल्यांदाच नावाने, "मला टांग्यात बसवतील गं. माझ्या पाठीवर दोन बहिणी आहेत. त्यांना मग कोण करून घेईल? तुला माझी शपथ आहे."

शपथ! त्या वयात शपथ मोडली तर माणूस मरतं यावर माझा पूर्ण विश्वास होता. मी तोंड मिटलं, आणि त्या दिवसापासून माझं सुख संपलं. वहिनीने हात वर केला की मी हातातलं टाकून तिच्या खांद्याकडे बघायचे. ती पदर सावरायला लागली की मी घास गिळायची थांबायचे. माझा स्वतःच्या अंगावरचाही भरवसा उडाला. अंथरुणात पडल्या पडल्या मी कोपर, मनगट, मान हलवून बघायचे, हे सगळं कशाने धरून ठेवलंय, आणि ते सुटलं तर? शाळेत मैत्रिणी लंगडी खेळायला बोलवायच्या तर मी झाडाखाली बसून राहायचे. आई म्हणायची, "कार्टीला झालंय काय? जीव मुठीत धरून चालते." आईला काय सांगू!

पुढे मला खोकला झाला आणि आईने वहिनीबरोबर मला स्टेशनाजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे औषधाची रिकामी बाटली देऊन पाठवलं. डॉक्टरीणबाई गोऱ्या, ठेंगण्या, तोंडाने फटकळ. माझी छाती तपासून झाली तरी वहिनी उठेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय गं, तुझं काय? दिवस गेलेत?" वहिनी लाजली, मग रडली, मग बोलली. डॉक्टरीणबाईंनी तिचा खांदा चाचपून बघितला. हात थोडा वर आणि मागे न्यायला गेल्या तशी वहिनी दचकून आक्रसली. "कळलं, कळलं," त्या म्हणाल्या, आणि आतून चहाची बशी, एक खोलगट वाटी आणि दोन लिंबं घेऊन आल्या.

त्यांनी एक लिंबू वाटीत ठेवलं. "हा तुझा खुबा. मांडीचं हाड. वाटी खोल आहे, लिंबू आत बुडालंय. हलव कितीही, सुटायचं नाही. पण त्यामुळे पाय सगळीकडे फिरत नाही." मग दुसरं लिंबू बशीत ठेवलं. "आणि हा खांदा. बशी उथळ. म्हणून तर हात वर जातो, मागे जातो, गोल फिरतो. सगळ्या अंगात एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्या सांध्याला नाही. पण मोकळीक फुकट मिळत नाही, बाई." त्यांनी बशी जराशी कलती केली आणि लिंबू टेबलावरून घरंगळत माझ्या पायाशी आलं. मी पाय उचलून घेतले. त्यांनी ते परत बशीत ठेवून वरून ओला रुमाल ताणून बांधला. लिंबू बशीला धरून राहिलं. "ही पिशवी. सांध्याभोवती असते. बशीला काठ असतो कुरकुरीत, कूर्चेचा, त्याला ही पिशवी शिवल्यासारखी असते. तुझी इथे पुढच्या अंगाला उसवलीय. हात वर आणि मागे गेला, चेंडू फेकताना जातो तसा, की हाड त्या उसवलेल्या जागेतून बाहेर. आणि दर वेळी ती जागा मोठी होते."

मी घाबरतच विचारलं, "आणि मान? मान निखळते?" त्या हसल्या. "तुझी मान म्हणजे जातं आहे. खालच्या मणक्याला खुंटा असतो, वरचा त्याच्यावर फिरतो. दळत राहा खुशाल." त्या एका वाक्याने मला निदान मानेपुरती झोप लागू लागली. पुढे वर्गात मी हेच लिंबू, हीच बशी आणि हेच जातं वापरलं.

पण वहिनीसाठी त्यांच्याकडे हसण्यासारखं काही नव्हतं. "मुंबईत मोठ्या इस्पितळात याचं ऑपरेशन करतात. घरी सांग."

"सांगितलं तर परत पाठवतील."

"मग मी सांगते."

वहिनी त्यांच्या पायाच पडली. डॉक्टरीणबाईंनी तिला उठवून बसवलं. मग म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. निखळल्यावर बोटं गार पडली, मुकी झाली, तर समज की हाडाखाली नस चेपलीय. मग एक मिनिट घालवायचं नाही. हात कायमचा लुळा पडेल. तू पण ऐक गं, खोकलेवाली." मी ऐकलं. इतकं ऐकलं की रात्री झोपेतून दचकून उठून वहिनीच्या खोलीच्या दाराकडे बघत बसायचे.

आषाढात एकदा दोरीवर धोतर टाकताना खांदा पुन्हा निखळला. मी परसाच्या दारात राखणीला उभी राहिले, वहिनीने धुण्याच्या दगडावर बसून गुडघा धरला. निभावलं. आणि मग आला श्रावण, आणि पहिली मंगळागौर.

मंगळागौरीत फुगडी असते. आमच्या दोघींच्या डोक्यात पंधरा दिवस दुसरं काही नव्हतं. आम्ही परसात एकेक खेळ करून बघितला. झिम्म्याला भीती नाही. पिंग्याला हात कमरेवर, चालेल. बसफुगडी, हात समोर, चालेल. उभी फुगडी, जिच्यात दोघी हात धरून मागे रेलून गरगर फिरतात, ती नको म्हणजे नको. असं ठरलं की गरगर फिरलं की घेरी येते असं वहिनी सांगेल आणि बसूनच खेळेल. भित्र्या माणसांना वाटतं, आपण सगळं ठरवलं म्हणजे तसंच होतं.

खरं तर हे खेळ जागरणाचे, रात्री खेळायचे, पण घाटकोपरच्या आणि ठाण्याच्या बायकांना दिवेलागणीच्या आत परतायचं होतं म्हणून आमच्याकडे दुपारीच ठरले. पुरुष कचेरीत. सकाळी पूजा झाली, पत्री, फुलं, कणकेचे दिवे, सगळ्या घराला केवड्याचा वास. वहिनीची आईही गावाहून आली होती, किरकोळ बाई, कोपऱ्यात बसून होती. मंगळागौरीचं जेवण मुक्याने जेवायचं असतं. त्या दिवशी ती शांतता मला सोसवेना. पुरणपोळी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, आणि आवाज फक्त बांगड्यांचा. कुणीतरी पाय पसरला, तिच्या घोट्यातून कट् झालं आणि माझ्या हातातला घास खाली पडला. वर बघितलं तर वहिनीची आईसुद्धा दचकून लेकीकडेच बघत होती. तेव्हा मला कळलं, भिणारी मी एकटी नाही.

जेवणं झाली, चटया गुंडाळल्या, खेळ सुरू झाले. वहिनी दोन बसफुगड्या खेळली. आत्या पदर खोचून उभी राहिली. "हे काय गो, सूनबाई? बसफुगडी परकऱ्या पोरी खेळतात. ऊठ, चल माझ्याशी एक!"

"फिरलं की घेरी येते, आत्याबाई."

"सकाळी तर तुरुतुरु चालत होतीस. ऊठ."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. "राहू दे, वन्सं. पहाटेपासून उभी आहे ती."

"तू गप गं. मी पारखून आणलेली आहे, साखरेची नाही विरघळायला."

आई परत म्हणाली, "वन्सं, माझ्याशी खेळा." आई कधी फुगडी खेळत नसे. सगळ्या हसल्या, आत्यानेही ते थट्टेवारी नेलं, आणि वहिनीला हाताला धरून उठवलंन. वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात पुढे केले.

फुगडीत एकमेकींची मनगटं घट्ट धरायची असतात. लहानपणापासून तेच शिकवतात, मनगट धर, बोटं धरशील तर आपटशील. पण वहिनीच्या मनगटात लग्नाचा हिरवा चुडा होता, आणि पहिल्या मंगळागौरीला नवरीची बांगडी वाढणं म्हणजे केवढा अपशकुन! म्हणून आत्याने मनगट सोडून नुसती बोटं धरली. "बांगड्या जपू हो आधी," म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, हे मला आज म्हणावंसं वाटतं. दोघी फिरायला लागल्या. बायका फू-फू करत टाळ्या वाजवायला लागल्या. आत्या अंगाने भारी, वेग वाढला, आणि वहिनीच्या डाव्या हाताची बोटं निसटली. उजव्या हाताची नाही निसटली. वहिनी त्या एका हाताला लटकून मागे फेकली गेली, आणि टाळ्यांच्या वरून मला तो आवाज ऐकू आला.

ती पडली. बांगड्या फुटल्याच. आणि खोलीतल्या झाडून साऱ्या बायका आधी काचांकडे बघून म्हणाल्या, "अगो बाई, बांगड्या वाढल्या!" खांद्याकडे कुणी बघितलं नाही. फक्त कोपऱ्यातून वहिनीची आई किंचाळली, "पुन्हा निखळला गं माझे बाई!"

काचांकडे बघणाऱ्या माना विहीणबाईंकडे वळल्या.

"पुन्हा?" आत्या म्हणाली. तिचा श्वास अजून लागलेला होता. "पुन्हा म्हणजे काय, विहीणबाई?"

वहिनीची आई तोंडात पदर कोंबून बसली. वहिनी जमिनीवर, डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून. "मुरगळलाय जरा," ती म्हणाली. "पडले ना, म्हणून." तिला गुडघा धरायला एक क्षण लागला असता. पण सगळ्यांच्या देखत तिनं सराईतासारखा स्वतःचा खांदा बसवला असता तर उरलंसुरलंही उघडं पडलं असतं. ती तशीच बसून राहिली. कुणी म्हणालं हळद लावा, कुणी म्हणालं मिठाने शेका, कुणी हात ओढून बघायला पुढे झालं तशी ती विव्हळली. मी तिच्याजवळ सरकले. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "नलू, बोटं कळत नाहीत गं."

मी बोटांना हात लावला. गार. मला शपथ आठवली, टांगा आठवला, डॉक्टरीणबाईंचं "एक मिनिट" आठवलं. आयुष्यात मी इतकी कधी भ्यायले नाही, आधी नाही, नंतर नाही. मी मोठ्याने म्हटलं, "वहिनी, गुडघा धर."

तिनं मानेनंच नाही म्हटलं. डोळे भरलेले, पण नाही म्हणजे नाही. हात लुळा पडला तर पडू दे, असं तिनं ठरवलं होतं. दोन बहिणी होत्या ना पाठीवर.

"धर गं गुडघा," आई म्हणाली.

ती केव्हा पुढे आली मला कळलं नाही. हातात अजून विड्यांचं तबक होतं आणि ते तबक वाजत होतं. तिनं ते खाली ठेवलं, वहिनीच्या पाठीमागे बसली आणि तिची पाठ आपल्या छातीवर टेकवून घेतली. "मी बघितलंय तुला परसात. भिऊ नकोस. धर."

वहिनीने गुडघा धरला. तिची उजवी बोटं वळत नव्हती, ती मी तिच्या डाव्या बोटांत गुंफून दिली. आईच्या अंगावर ती हळूहळू मागे रेलली. एकदा नाही बसला. कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. दुसऱ्यांदा बसला. तिच्या बोटांत ऊब परत यायला लागली तशी मला ओकारी आली, आणि मी परसात पळाले.

परत आले तेव्हा आत्या उभी होती आणि आई बसलेली. "म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि मला बोलली नाहीस? फसवलंय आपल्याला यांनी! आजच्या आज पाठवा हिला आईबरोबर."

मला माहीत होतं आई काय करणार. आई मान खाली घालणार. तिला आत्यापुढे मान वर करताना मी कधी बघितलंच नव्हतं. तिनं मान खालीच घातली होती, पण म्हणाली, "ती कुठे जायची नाही, वन्सं."

"काय म्हणालीस?"

"इथे राहील. हात दुरुस्त करून घेऊ." मग जराशाने, आणखी बारीक आवाजात, "तुम्ही चहा घेऊन जा."

आत्या चहा न घेता गेली. हळदीकुंकूही घेतलंन नाही. मंगळागौरीच्या घरातून सवाष्ण कुंकू न लावता गेली, याची भीती आईला किती दिवस पुरली असेल! रात्री देवापुढे बसून ती काय पुटपुटायची ते मला ऐकू यायचं नाही.

संध्याकाळी दादा आणि अप्पा आले. आईने जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. अप्पा म्हणाले, "ताईला काय सांगायचं?" आणि डोक्याला हात लावून बसले. दादाही आत्याला भ्यायचाच. तो बूट न काढता आत गेला. मी दाराला कान लावला. तो एवढंच म्हणाला, "फार दुखतंय का?" आणि त्यावर वहिनी अशी काही मोठ्याने रडली की शेठकडचे लोक अंगणात येऊन उभे राहिले.

पुढे एकदा मी आईला विचारलं, "तुला कधी कळलं?" ती भाजी चिरत होती. म्हणाली, "धुण्याच्या दगडावर. तू दारात उभी होतीस, मी खिडकीत. राखण करणाऱ्यानं मागेही बघावं."

ऑपरेशन मोठ्या इस्पितळात झालं. त्या दिवशी मी घरी, शेठच्या घड्याळाचे ठोके ऐकत. भूल दिलेली माणसं परत उठत नाहीत असं मला मैत्रिणीने सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी आई आली, चपला काढल्यान आणि म्हणाली, "उठली. पाणी मागितलंन." मी जेवले आणि दोन दिवस झोपले.

सर्जनने आधीच सांगितलं होतं, फाटकी पिशवी आखडून शिवू, खांदा परत निखळणार नाही, पण मोकळीक जाईल. हात समोर येईल, घास घेईल, पोळ्या लाटील, लिहील. बाहेरच्या अंगाने वळून डोक्यामागे मात्र जाणार नाही. वहिनी म्हणाली, चालेल. अंगाशी बांधलेला हात सोडल्यावर पहिल्या सकाळी ती आरशापुढे बसली आणि केस विंचरायला गेली. हात कानापर्यंत आला आणि थांबला. तिनं पुन्हा केला, पुन्हा थांबला. मग तिनं हात मांडीवर ठेवला. आई स्टोव्ह सोडून आली, तिच्या हातातली फणी घेतलीन, मागे बसली आणि अंबाडा घातलान. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून कुणी त्याची दखलही घेतली नाही. मी लग्न करून गेले, वहिनीला मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, आईला नीट दिसेनासं झालं तरी ती चाचपून भांग पाडायची. भांग वाकडा यायचा. वहिनी तो तसाच घेऊन बाजारात जायची.

आई गेली पहाटे, झोपेत. मी पोचले तेव्हा घर भरलं होतं. वहिनी भिंतीशी बसली होती, केस पाठीवर मोकळे, अर्धे पांढरे. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, "सून पण काय हो! सासूसाठी एवढा शोक की केससुद्धा बांधायचं भान नाही." मी आत जाऊन फणी आणली आणि वहिनीच्या मागे जाऊन बसले. तिनं मागे न बघताच माझा हात धरला.

"आज नको, नलू," ती म्हणाली. "आजच्या दिवस त्यांची वाट बघते."